गैरहजेरी लावणाऱ्या बाई

बाईंच्या वर्गात नुसतं 'हजर' म्हणून भागायचं नाही. नाव पुकारलं की त्या साडेचार-पाच वर्षांच्या जिवाने शाळेत येताना वाटेत काय पाहिलं ते सांगायचं, मगच हजेरी लागायची. 'पिवळं कुत्रं.' हजर. 'भिंतीवर मुंगळे, वर चाललेले.' हजर. 'झाडाचा डिंक होता, तो मी उपटला.' हजर, आणि वर 'पुन्हा उपटू नका, झाडांना तिथे लागलेलं असतं' हे ऐकून घ्यायचं. एखादं पोर 'काही नाही' म्हणालं की बाई मान वर न करता लाल पेनाने फुली मारायच्या. पोर समोर सतरंजीवर मांडी घालून बसलेलं आणि हजेरीपटावर गैरहजर.

तो हजेरीपट महिनाअखेरीला माझ्याकडे यायचा. मी त्या शाळेच्या बालविभागाचा पर्यवेक्षक होतो. नाशिकला गंगापूर रोडवरून आत वळलं की बंगले संपतात आणि नाला लागतो, तिथे आमची शाळा. फुल्या बघून माझं डोकं तडकायचं, कारण त्या फुल्यांचा जाब पालक मला विचारायचे. एक वडील तर भर पावसात गाडी फाटकाशी आडवी लावून आत आले होते.

"माझा मुलगा महिनाभर रोज शाळेत आलाय. अकरा दिवस गैरहजर कसा?"

"रोज कशाने येतो तो?" बाईंनी विचारलं.

"कशाने म्हणजे? गाडीने."

"मग गाडी येते. हे चिरंजीव हातात मोबाईल धरून बसलेले असतात, हे कुठे येतात?"

"तुम्ही मला शिकवू नका, मॅडम."

"तुम्हाला कुठे शिकवतेय? तुमचं वय गेलं."

मी मध्ये पडलो, माफी मागितली, फुल्या खोडून बरोबरच्या खुणा केल्या. माझ्या नोकरीचा अर्धा वेळ बाईंच्या वतीने माफी मागण्यात जायचा. उरलेला अर्धा वेळ मी त्यांचा राग राग करायचो. आज हे लिहिताना पहिल्यांदाच कबूल करतो, की मला त्यांचा हेवा वाटायचा.

बाई दिसायला काही खास नव्हत्या. उंच, काटकुळ्या, पन्नाशीच्या अलीकडे. साडीवर पुरुषी शर्ट घालायच्या, कारण शर्टाला खिसे असतात. खिशातून करंजाच्या शेंगा, पिसं, रिकामे शंख असलं काहीबाही निघायचं. बोलणं तिखट. डबा शिक्षकखोलीत न खाता मागच्या कट्ट्यावर बसून नाल्याकडे तोंड करून खायच्या. मुलांना त्यांनी कधी कडेवर घेतलेलं, गालगुच्चे घेतलेलं मी पाहिलं नाही. उलट त्या मुलांना अहो-जाहो करायच्या. आम्हा मोठ्यांशी मात्र त्या अशा बोलायच्या, की 'तुम्ही' म्हणत असूनही 'तू' म्हटल्यासारखं ऐकू यायचं.

"अहो मैथिली, तुम्ही मुंगळ्यांच्या रस्त्यात उभ्या आहात. सरका."

आणि मैथिली नावाची ती दोन वेण्यांची, पुढचा दात पडलेली मुलगी लगबगीने बाजूला सरकायची आणि मुंगळ्यांना 'सॉरी हं' म्हणायची.

'निसर्ग' हा शब्द बाईंना चालत नसे. "निसर्ग म्हणजे काय? सुट्टीत पैसे देऊन जातात ती जागा?" वर्गातले तक्ते त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगले होते. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरांना पेंग्विन येतो, झेब्रा येतो. खिडकीच्या गजावर बसून रोज भांडतात ते सातभाई एकालाही येत नाहीत. आधी खिडकी, मग तक्ता." त्यांच्या मुलांचे चित्रातले डोंगर माथ्याला सपाट असायचे. बाकीच्या तिन्ही वर्गांत पोरं त्रिकोणी डोंगर काढायची, मधून उगवणारा सूर्य आणि काठावर नारळाचं झाड. नाशकात! वर्गाच्या खिडकीतून सपाट माथ्याचा डोंगर दिसत असताना!

आणि त्यांचा नियम. शाळेच्या मागच्या दारातून त्या मुलांना रोज नाल्याकाठी न्यायच्या. तिथे काहीही सापडलं की आधी हात, मग नाक, मग विचारायचं, आणि बाईंनी मान हलवली तरच जीभ. या क्रमात चूक झाली तर त्या दिवशीचा फेरफटका बंद, सगळ्यांचा. आंबुशीची तीन पानांची आंबट डहाळी मिळायची, चिंचेचा कोवळा पाला मिळायचा. धोतऱ्याच्या झुडपापुढे मात्र त्या सगळ्यांना हाताची घडी घालून बसवायच्या. "हे धोतरे. यांना लांबून नमस्कार. हे खूप रागीट आहेत, माझ्यापेक्षा." पोरं खरोखर नमस्कार करायची. दोन वर्षांत एकाही मुलाने नको ते तोंडात घातलं नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण तशी तक्रार आलीच असती तर ती माझ्याच टेबलावर आली असती.

मी दिंडोरी तालुक्यातला. द्राक्षबागेत वाढलो, छाटणीच्या काड्या गोळा करत. शिकलो, शहरात आलो आणि नखातली माती काढून टाकली ती कायमचीच. बाई मात्र भर वस्तीत, दोन खोल्यांत वाढलेल्या. जे काही होतं ते त्यांनी स्वतः वाकून, बघून मिळवलेलं. एकदा मुलांसमोर त्यांनी मला एक पक्षी दाखवून विचारलं, "सर, तुम्ही दिंडोरीचे ना? हा कोण सांगा." मला सांगता आलं नाही. मैथिलीने सांगितलं, "वेडा राघू, सर." सगळी पोरं हसली. बाई हसल्या नाहीत, नुसतं "दिंडोरीचे ना तुम्ही," म्हणाल्या. पाच वर्षांच्या मुलीकडून हरलो याचं मला काही वाटलं नाही. बाईंचं ते वाक्य मात्र मी विसरलो नाही.

त्या वर्षी संस्थेला माहितीपुस्तिकेसाठी फोटो हवे होते. शीर्षक ठरलेलं होतं, 'मातीशी नातं'. माती अर्थातच दिंडोरीची, द्राक्षबागेतली. नाला शाळेच्या मागे तीस पावलांवर असताना पोरांना तासभर बसमध्ये कशाला कोंबायचं, असं बाईंनी बैठकीत विचारलं.

"नाल्याचा फोटो चांगला येत नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"मग फोटोलाच न्या दिंडोरीला."

कोणी हसलं नाही. मी तर नाहीच. सहलीची जबाबदारी माझ्यावर होती आणि बाग मी ठरवली होती.

बागवाले दादा दारातच भेटले. चांगला माणूस. मुलांसाठी ताकाचा मोठा टोप तयार ठेवला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, ह्या अलीकडच्या प्लॉटात पोरं नका घालू. कालच औषध मारलंय. पलीकडं न्या, तिकडं तोड चालू हाय, लय मोकळं हाय." माझ्या कानाला फोन होता. मी हो हो म्हणालो. मला ऐकू आलं होतं. पुढे आठ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की फोनमुळे नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. 'औषध' हा शब्द दिंडोरीच्या माणसाच्या कानावरून जात नाही.

फोटोवाला म्हणाला, पलीकडे ऊन तोंडावर येतंय, मुलं डोळे बारीक करतील. अलीकडचा उजेड मऊ आहे. घडही अलीकडचेच भरदार होते. अर्धी मुलं घेऊन बाई बांधावर गेल्या होत्या, तिथे मुंगसाचं बीळ सापडलं होतं. उरलेली मुलं मी अलीकडच्या प्लॉटात, मांडवाखाली उभी केली. प्रत्येकाच्या हातात घड दिला. म्हटलं, एकेक मणी तोंडात घाला आणि हसा.

पोरांनी आधी हात फिरवला. मग घड नाकाशी नेला. ओळीने सगळ्यांनी. फोटोवाला म्हणाला, "अरे, वास काय घेताय, खा ना!"

मैथिलीने घड खाली केला. "सर, ह्याला वास येतोय."

"द्राक्षाचाच वास तो."

"नाही. आमच्याकडे झुरळांना मारतात ना, तसा."

"अगं, ती पांढरी पावडर दिसते ना, ती द्राक्षाची स्वतःची असते. औषध नसतं ते. मी दिंडोरीचा आहे, मला माहीत आहे."

नाशिककडचा कोणीही माणूस पाहुण्यांना हेच सांगतो, आणि ते खरंही असतं. द्राक्षावर स्वतःची पावडर असतेच. माझ्या हातात ते खरं वाक्य होतं आणि मी त्याने खोटं झाकलं.

"बाईंना विचारू?" तिने बांधाकडे पाहिलं.

"बाईंना काय विचारायचं? मी सांगतोय ना? खा."

तिने माझ्याकडे पाहत खाल्लं. मग बाकीच्यांनी खाल्लं. फोटो छान आले.

वास वाऱ्याने बांधापर्यंत गेला असावा, बाई तिथून जवळजवळ धावत आल्या. लांबूनच ओरडल्या, "थुंका! सगळ्यांनी थुंका! पाणी घ्या, चूळ भरा!" त्यांनी कोणाच्या तोंडात बोट घातलं, कोणाच्या हातातला घड हिसकावून फेकला. मी म्हणालो, "बाई, तमाशा करू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घड नाकाशी नेला, खाली टाकला आणि मुलांचे हात धुवायला बसल्या.

परतीच्या वाटेवर म्हसरूळ येईपर्यंत चौघांना उलट्या सुरू झाल्या. त्यात मैथिली होती. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं, संध्याकाळपर्यंत सगळी घरी गेली. डॉक्टर म्हणाले, चूळ भरून घेतली म्हणून थोडक्यात निभावलं. हे वाक्य मी पुढे कोणालाच सांगितलं नाही.

दवाखान्यातून बाहेर पडतोय तर बागवाल्या दादांचा फोन.

"सर, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

मी म्हणालो, "दादा, याची चर्चा झाली तर तुमचीच बाग बदनाम होईल." मग त्यांनी फोन ठेवला. पुन्हा कधी केला नाही.

तिसऱ्या दिवशी बैठक झाली. अध्यक्ष, चार पालक, बाई, मी. फोटोवाल्याला मी बोलावलं नव्हतं. मैथिली आईच्या मांडीवर बसली होती. कोणीतरी तिला विचारलं, "बाळा, द्राक्षं खायला कोणी सांगितलं?"

"सरांनी. मी म्हटलं वास येतोय. सर म्हणाले, खा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी हसलो. मोठी माणसं लहान मुलांच्या बोलण्यावर हसतात ना, कौतुकाने, तसं. म्हणालो, "या वयात मुलं ऐकलेलं, पाहिलेलं, मनातलं सगळं एकत्र करून सांगतात. तिची चूक नाही. बाई रोज पाला चाखायला लावतात, तेच तिच्या डोक्यात आहे."

मैथिलीच्या आईचा चेहरा उतरला. "सरांचं नाव घेतेस?" असं म्हणून तिने पोरीच्या दंडाला चिमटा काढला. मैथिली रडली नाही. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चुकलं कुठे ते तिला कळत नव्हतं. हात, नाक, विचारणं, सगळं तिने क्रमाने केलं होतं.

"मुलगी खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मुलांना रानटी पाला खायला देता हे खरं की नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"खरं."

"मग संपलं."

"मुलगी खोटं बोलत नाही," बाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी माझ्याकडे बघून. त्यांना सगळं माहीत होतं. त्या थांबल्या होत्या, मी काही बोलतो का ते बघत. मी पेनाचं टोपण लावत होतो.

अहवाल मीच लिहिला. 'शिक्षिकेच्या अशास्त्रीय पद्धतीमुळे मुलांना अनोळखी पदार्थ तोंडात घालण्याची सवय लागली.' 'अशास्त्रीय' हा शब्द सुचल्यावर मला बरं वाटलं होतं. आठवड्यात बाईंकडून राजीनामा घेतला. नाल्याकडचं मागचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद केलं. दोन वर्षांनी मी मुख्याध्यापक झालो.

मी घाबरलो होतो, असं म्हटलं तर वाचणाऱ्याला माझी दया येईल. ती नको. मी घाबरलो होतोच, पण तेवढंच असतं तर अहवालात नुसता 'अपघात' असं लिहिता आलं असतं. मला बाई तिथून जायला हव्या होत्या.

यंदा आमच्या शाळेत निसर्गकक्ष झाला. हिरवा प्लास्टिकचा गालिचा, भिंतीवर रंगवलेला धबधबा, बटण दाबलं की पक्ष्यांचे आवाज. उद्घाटनाच्या दिवशी लहान गटातली एक मुलगी प्लास्टिकच्या वेलीपाशी गेली. पान चोळलं. बोटं नाकाशी नेली. तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं, पोरं आपोआपच करतात ते. तिने वर्गशिक्षिकेला विचारलं, "टीचर, ह्याला वास का नाही?"

"कारण ते स्वच्छ आहे, बेटा."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथून निघून आलो. माझ्या केबिनमध्ये बसून मला एवढा संताप आला, की टेबलावरचं काचेचं पेपरवेट मी भिंतीवर मारलं. शिपाई धावत आला, त्याला म्हटलं, हातातून पडलं. तेव्हाही खोटंच बोललो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि बाईंना शोधत गेलो. मखमलाबादच्या बाजूला त्यांच्या भावाचा भाजीचा आणि फुलांचा मळा आहे. बाई शेवंती तोडत होत्या. तोच शर्ट, किंवा तसाच दुसरा. केस सगळे पांढरे. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. दादांनी दारात काय सांगितलं होतं, ते फोटोपर्यंत आणि अहवालापर्यंत. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "घड हुंगला तेव्हाच कळलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले की. मुलगी खोटं बोलत नाही, असं दोनदा बोलले. पुढचं बोलायचं काम तुमचं होतं."

"बाई, मला माफ..."

"तिला सांगितलंत?"

"कोणाला?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. तसा राग मी कोणाच्याही तोंडावर पाहिलेला नाही. "कोणाला! अहो, माझं काय गेलं? नोकरी गेली, फुलं तोडतेय. त्या पोरीचं सगळं बरोबर होतं. सगळं! आणि चार मोठ्या माणसांनी मिळून तिला सांगितलं, की तुझं चुकलं. तिला सांगायचं सोडून तुम्ही इथे कशाला आलात? पाणी प्यायला?"

त्यांनी मान खाली घालून पुन्हा शेवंती तोडायला घेतली.

"निघा. जाताना वाफ्यावर पाय देऊ नका."

मैथिलीचा पत्ता शाळेच्या जुन्या दाखल्यांत होता, घर बदललं नव्हतं. ती आता आठवीत आहे, दुसऱ्या शाळेत. दार तिच्या आईने उघडलं आणि मला ओळखून पार गोंधळून गेली. "अय्या, सर! या ना, बसा. अगं मैथिली, बघ कोण आलंय! तुझे बालवाडीचे सर."

मैथिली आतून आली. उंच झाली आहे, चष्मा लागला आहे. नमस्कार केला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी म्हणालो, तुला काही आठवतं का, द्राक्षाच्या बागेतलं?

ती बोलायच्या आधी आईच हसली. "हिला काय विचारता सर! ही लहानपणापासून रचूनच सांगते. घरात हिला 'गोष्टीवाली' म्हणतो आम्ही. काही झालं की हिचे बाबा म्हणतात, खरं की गोष्ट? तेव्हा नाही का, चक्क तुमचंच नाव घेतलं होतं!"

मैथिलीने नजर फरशीकडे वळवली. सवयीचं झालं होतं तिला हे. आठ वर्षं, स्वतःच्या घरात.

मी आईकडे न बघता तिला सांगितलं. "तू बरोबर होतीस. वास येत होता. औषध मारलं होतं, ते मला आधी सांगितलेलं होतं. खा, असं मीच म्हणालो होतो. बैठकीत मी खोटं बोललो."

मग आई म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना सर, लहान होती ती. किती जुनं झालं. चहा टाकते."

"आई, चहा नंतर," मैथिली म्हणाली. आवाज बारीक नव्हता. "बाबा, बाहेर या. या आधी."

वडील पेपर हातात घेऊनच आले. ती चौकट सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो. बागेच्या दारापासून. ती एकेक वाक्य ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. मी अहवालापर्यंत आलो आणि म्हणालो, "मग आम्ही सगळा दोष एका शिक्षिकेवर..."

"एका शिक्षिकेवर नाही," तिने मला अडवलं. "बाईंचं नाव घेऊन सांगा."

मी पूर्ण नाव घेतलं.